लहान पिल्लू अचानक कोसळलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याची पिल्लं वाढवणाऱ्या लोकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पिल्लू म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंतचं. तुमचं पिल्लू आत्ता समोर पडलेलं असेल तर फक्त प्रश्न १ आणि ३ वाचा आणि निघा. बाकीचं वाटेत वाचता येईल, गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर.

१. काल रात्रीपर्यंत उड्या मारत होतं, आता निपचित पडलंय. सगळ्यात आधी काय करू?

श्वास बघा. बरगड्यांवर नजर ठेवा आणि मनात दहापर्यंत मोजा. छाती अजिबात हलत नसेल तर सरळ प्रश्न १६ कडे जा.

श्वास चालू असेल तर पिल्लाला एका कुशीवर ठेवा, मान सरळ करा, जीभ मागे पडली असेल तर पुढे ओढा. तोंड अंगापेक्षा किंचित खाली राहू द्या, म्हणजे लाळ किंवा उलटी घशात न जाता बाहेर येईल. मग वरचा ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघा (प्रश्न २), कान आणि पंजे गार लागतात का ते बघा (प्रश्न ६) आणि हिरड्यांना साखर लावा (प्रश्न ३). या सगळ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. तेवढ्यात घरातल्या दुसऱ्या माणसाने पशुवैद्यांना फोन लावावा, ‘पिल्लू कोसळलंय, घेऊन येतोय’ एवढं सांगावं आणि कुठे आणायचं ते विचारावं.

एक गोष्ट मात्र करू नका: तोंडात पाणी ओतू नका. कोणी बेशुद्ध पडलं की आपला हात आपोआप पाण्याकडे जातो. पण अर्धवट शुद्धीतल्या पिल्लाला गिळता येत नाही आणि ते पाणी किंवा दूध श्वासनलिकेत उतरतं. रक्तातली साखर कमी झाल्यामुळे पडलेलं पिल्लू तासाभरात बरं झालं असतं, ते नंतर फुफ्फुसाच्या संसर्गाने जातं. हे टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

२. हिरड्या बघा म्हणतात. पण त्यात नेमकं बघायचं काय?

निरोगी पिल्लाच्या हिरड्या गुलाबी आणि ओलसर असतात. बोटाने दाबून सोडल्यावर तो ठिपका पांढरा होतो आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. त्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर रक्ताभिसरण ढासळलेलं आहे. हिरडीला बोट चिकटत असेल, ती कोरडी लागत असेल, तर अंगातलं पाणी कमी झालंय.

रंगावरून पुष्कळ कळतं. पांढरट हिरड्या म्हणजे रक्त कमी झालंय किंवा पिल्लू शॉकमध्ये आहे, म्हणजे अंगभर पुरेसं रक्त फिरत नाही. निळसर किंवा जांभळट म्हणजे प्राणवायू पोचत नाही. विटकरी लाल रंग उष्माघातात किंवा रक्तात संसर्ग पसरल्यावर दिसतो, पिवळा रंग यकृताच्या बिघाडात किंवा तांबड्या पेशी फुटत असताना. तपकिरी, मातकट हिरड्या दिसल्या तर घरातल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या मोजा. या औषधाने कुत्र्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते.

काही पिल्लांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. तिथे डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. पिल्लू ठणठणीत असतानाच एकदा हिरड्यांचा फोटो काढून ठेवा, ऐनवेळी तुलना करायला उपयोगी पडतो.

३. साखर, मध, ग्लुकोज, काय देऊ? किती आणि कसं?

घरात जे हाताशी असेल ते चालेल: मध, ग्लुकोजची पूड किंवा थोड्याशा पाण्यात विरघळवलेली साखर. एक किलोच्या पिल्लाला पाव चमचा पुरतो. बोटाच्या टोकावर थोडं थोडं घेऊन ते गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरड्यांवर चोळा. घशात ओतायचं नाही, पिचकारीने मारायचं नाही. पिल्लू झटके देत असेल तर दातांच्या मध्ये बोट घालू नका, ओठ बाहेरून उचलून हिरडीच्या कडेला लावा.

साखरेमुळेच पडलं असेल तर बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांत फरक दिसतो. नजर स्थिर होते, मान उचलली जाते. फरक दिसला नाही तरी वाटेत दर दहा मिनिटांनी थोडं थोडं लावत राहा. कारण दुसरंच निघालं तरी एवढ्याशा साखरेने नुकसान होत नाही.

‘शुगर फ्री’ लिहिलेलं काहीही वापरू नका. त्यात झायलिटॉल असेल तर साखर आणखी खाली जाईल (प्रश्न १३).

४. माझं पिल्लू रात्री व्यवस्थित जेवलं होतं. मग साखर एवढी खाली जाईलच कशी?

मोठा कुत्रा दिवसभर उपाशी राहिला तरी त्याचं यकृत साठवलेली साखर रक्तात सोडत राहतं आणि ती संपली की स्नायू आणि चरबी कामी येतात. लहान पिल्लाजवळ यातलं काहीच पुरेसं नसतं. यकृत इवलंसं आणि कच्चं, स्नायू थोडे, चरबी जवळपास नाहीच. उलट अंगाच्या मानाने मेंदू मोठा, आणि मेंदूला सतत साखर लागते. म्हणून चिवावा, यॉर्कशायर टेरिअर, पोमेरेनियन, माल्टीज अशा लहान चणीच्या जातींत, विशेषतः तीन-चार महिन्यांच्या आत, काही तासांचा उपासही भारी पडतो.

रात्री जेवलं असलं तरी मधे काय काय झालं ते आठवा. पाहुण्यांच्या मुलांबरोबर तासभर पळापळ, रात्रभर थंड फरशीवर झोप, नवीन घरी येऊन दुसराच दिवस, सकाळी एक-दोनदा पातळ शी. यातली प्रत्येक गोष्ट साखर जाळते किंवा ती आत येऊ देत नाही. रक्तातली साखर साधारण ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की पिल्लू लटपटायला लागतं, डोळे तारवटतात, अंग थरथरतं. आणखी खाली गेली की फिट येते आणि मग ते निपचित पडतं.

घरात माणसांचं ग्लुकोमीटर असेल तर कानाच्या कडेवरच्या थेंबाने तपासता येतं, पण ही यंत्रं कुत्र्याच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात. आकड्यापेक्षा पिल्लाकडे बघून ठरवा.

पुन्हा होऊ नये म्हणून दिवसातून चार ते सहा वेळा थोडं थोडं खायला द्या, झोपण्याआधी एक घास आणि पहाटे एक घास द्या. प्रत्येक वेळी पिल्लांसाठीचं पूर्ण अन्न हवं. नुसतं गोड पाणी रोज दिल्याने साखर चढते आणि तितक्याच वेगाने उतरते.

५. साखर लावल्यावर उठून खेळायलाच लागलं. आता डॉक्टरांकडे न्यायची गरज आहे का?

आहे, आणि त्याच दिवशी.

साखरेने पिल्लू उठलं म्हणजे साखर कमी होती एवढं कळलं. ती कमी का झाली हे अजून कळलेलं नाही. कदाचित जेवण चुकल्यामुळे, तसं असेल तर उत्तमच. पण पार्व्होची (उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार, प्रश्न ११) सुरुवात, जंत, रक्तातला संसर्ग, यकृताचा जन्मजात दोष या सगळ्यांमध्ये साखर खाली जाते आणि या सगळ्यांमध्ये मधाचं बोट लावल्यावर पिल्लू थोड्या वेळासाठी तरतरीत दिसतं. अशा पिल्लांची दुसरी कोसळण पहिल्यापेक्षा वाईट असते, आणि ती बहुधा सगळे झोपलेले असताना होते. सकाळी बरं वाटलं म्हणून संध्याकाळवर ढकललं, असं सांगणारे फोन ऐकताना जीव तुटतो.

निघण्याआधी पिल्लू स्वतःहून चाटत असेल तर चमचाभर मऊ अन्न द्या. साखरेचा परिणाम टिकत नाही, तो टिकवायला पोटात अन्न लागतं.

६. अंग गार पडलंय. ऊब कशी द्यायची? आणि दूध कधी पाजू?

आधी ऊब, मग साखर, मग दूध. ही क्रमवारी, विशेषतः चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लात, उलटी करायची नाही.

मोठ्या पिल्लाचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं जेमतेम ३५ ते ३७ असतं आणि त्याला कुडकुडताही येत नाही. तापमान ३५ च्या खाली गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते. अशा वेळी पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं, फुगवटा धरतं किंवा उलटून फुफ्फुसात जातं. पिल्लू अशक्त आहे म्हणून लोक मायेने दूध पाजतात आणि नेमकं तेच घातक ठरतं.

कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पिल्लाच्या बाजूला ठेवा, किंवा त्याला तुमच्या छातीशी कपड्याच्या आत धरा. तुमच्या अंगाची ऊब सगळ्यात सुरक्षित. ऊब हळूहळू, तास-दीड तास घेऊन द्यायची. हेअर ड्रायर, उघडा हीटर, कडकडीत पाण्याची पिशवी हे काही नको. निपचित पिल्लाला चटका बसला तरी ते सरकू शकत नाही, आणि कातडीकडे एकदम रक्त धावलं की रक्तदाब आणखी उतरतो. मधूनमधून कूस बदला. डॉक्टर जवळ असतील तर घरी थांबून ऊब देत बसू नका, बाटलीसकट निघा.

७. फिट आली होती की चक्कर, हे कसं ओळखायचं?

चक्कर, म्हणजे मेंदूला क्षणभर रक्त कमी पडून येणारी मूर्च्छा, काही सेकंदांची असते. बहुतेक वेळा पळताना, भुंकताना, खोकताना किंवा उत्साहाच्या भरात पिल्लू सैल होऊन पडतं आणि पुन्हा उठून जणू काहीच झालं नाही असं वागतं. फिटमध्ये पाय सायकल मारल्यासारखे चालतात, जबडा कटकट वाजतो, लाळ गळते, शी-शू होते. ती बऱ्याचदा आरामात असताना किंवा झोपेतून उठताना येते. त्यानंतर काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत पिल्लू भांबावलेलं असतं, भिंतीला धडकतं, घरच्यांनाही ओळखत नाही.

मूर्च्छेतही कधी पाय ताठरतात आणि शू होते, त्यामुळे एका खुणेवर निष्कर्ष काढू नका. आधी काय चाललं होतं आणि नंतर किती लवकर सावरलं, या दोन गोष्टींवर डॉक्टरांची भिस्त असते. शक्य झालं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. तीस सेकंदांचा हलता, अंधुक व्हिडिओसुद्धा आपल्या लांबलचक वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

फिट चालू असताना पिल्लाला घट्ट धरू नका, तोंडात काही घालू नका, फक्त आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा पूर्ण शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर ती तातडीची वेळ आहे.

८. झोपेत पाय झाडतं, बारीक आवाज काढतं, डोळे फिरवतं. हीच फिट का?

नाही. पिल्लं झोपेत खूप हलतात, ते वाढीचं लक्षण आहे. नाव घेऊन हाक मारा. जागं होऊन तुमच्याकडे बघितलं तर ती झोप. हाकेनेही जागं होत नसेल, अंग ताठ होत असेल, अंथरुणात शू झाली असेल, तर प्रश्न ७ पाहा.

९. हिरड्या पांढऱ्या आहेत. नुसत्या जंतांमुळे पिल्लू कोसळेल का?

कोसळेल, आणि जीवही जाईल. हुकवर्म म्हणजे अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याच्या अळ्या आईच्या दुधातून येतात, त्यामुळे कधी अंगणातही न उतरलेल्या पिल्लाला तो होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गुटगुटीत दिसणारं पिल्लू एकाएकी पांढरं पडतं, शी काळपट, डांबरासारखी होते. इथे एक मेख आहे: जंत रक्त प्यायला लागतात तेव्हा त्यांनी अजून अंडी घातलेली नसतात, म्हणून शीचा रिपोर्ट ‘जंत नाहीत’ असा येऊ शकतो. रिपोर्ट चांगला पण हिरड्या पांढऱ्या असतील तर विश्वास हिरड्यांवर ठेवा. अशा पिल्लाला जंताच्या औषधाइतकीच बाहेरून रक्त देण्याची गरज पडू शकते.

म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत देतात, नंतर दरमहा सहा महिन्यांपर्यंत. आईलाही सोबतच.

पिसवा आणि गोचिडीही एवढ्याशा अंगातलं रक्त संपवू शकतात. कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली बघा. गोचिडी असतील, ताप असेल आणि लघवी चहाच्या किंवा कॉफीच्या रंगाची होत असेल तर बबेसिया हा गोचिडीतून येणारा, तांबड्या पेशी फोडणारा आजार डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला.

१०. जंताचं किंवा गोचिडीचं औषध दिलं आणि त्याच दिवशी लटपटायला लागलं. औषधामुळेच का?

शक्य आहे. दिलेलं औषध, त्याची बाटली आणि किती दिलं हे तिन्ही घेऊन जा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोठ्या जनावरांसाठीच्या आयव्हरमेक्टिनमुळे. ते इतकं तीव्र असतं की पिल्लाच्या मापात एखादा थेंबही जास्त होतो. शिवाय कॉली आणि तिच्या जवळच्या काही जातींत एक जनुकीय दोष आढळतो, ज्यामुळे हे औषध मेंदूत शिरतं. अशी पिल्लं झोकांड्या खातात, त्यांना दिसेनासं होतं, गुंगीत जातात. अंगावर लावायचं औषध असेल आणि पिल्लू शुद्धीत असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने ते धुऊन टाका, लगेच कोरडं करा, आणि निघा.

क्वचित पोटात जंतांचा गोळाच असतो आणि औषधाने ते एकदम मेल्यावर आतडं तुंबतं. पोट टम्म आणि उलट्या होत असतील तर हेही डोक्यात ठेवा.

११. लस दिली आहे. मग पार्व्हो कसा असेल?

एक लस म्हणजे संरक्षण नव्हे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लाच्या अंगात काही आठवडे राहतात आणि तीच लसीला निष्प्रभ करतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं किंवा त्याहून मोठं होईपर्यंत डोस देत राहावे लागतात. आईचं संरक्षण उतरलेलं आणि लसीचं अजून चढलेलं नाही, असा मधला काळ सगळ्यात धोक्याचा. नेमका तेव्हाच पिल्लू नवीन घरी येतं.

१९७८ मध्ये हा विषाणू जगाच्या लक्षात आला तेव्हा त्याने कुत्र्यांमध्ये हाहाकार माजवला होता, आणि लस नसलेल्या पिल्लांत तो आजही तितकाच निर्दय आहे. नेहमीचा क्रम असा: पिल्लू मलूल होतं, खाणं सोडतं, उलट्या सुरू होतात, मग रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब. पण लहान पिल्लू जुलाब सुरू होण्याआधीच कोसळू शकतं, कारण पाणी, साखर आणि पांढऱ्या पेशी एकाच वेळी घसरतात. ‘जुलाब नाहीत म्हणजे पार्व्हो नाही’ असं धरून चालू नका. शीच्या नमुन्यावरची झटपट चाचणी दवाखान्यातच काही मिनिटांत होते. ती सुरुवातीला चुकून निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय दाट असेल तर डॉक्टर ती पुन्हा करतात.

वेळेत सलाईन, उलट्यांवरचं औषध, प्रतिजैविकं आणि साखर मिळाली तर बरीच पिल्लं वाचतात. घरी तोंडावाटे पाणी पाजत दोन दिवस काढले तर फार थोडी.

१२. लस टोचून घरी आलो आणि तासाभरात गळून गेलं.

लसीनंतर थोडी सुस्ती, टोचल्या जागी दुखणं हे एक-दोन दिवस चालतं. मात्र तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, एकामागून एक उलट्या, पांढऱ्या हिरड्या आणि कोसळणं ही तीव्र ॲलर्जी आहे. ती बहुधा काही मिनिटांत ते काही तासांत येते. लगेच परत जा, इंजेक्शनने ती आटोक्यात येते. म्हणूनच लस घेतल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या आसपास थांबावं. यापुढे लस द्यायचीच नाही असा निर्णय परस्पर घेऊ नका, पुढचा डोस कसा द्यायचा ते डॉक्टर ठरवतील.

१३. काहीतरी विषारी खाल्लं असावं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू का?

नाही. लटपटणाऱ्या किंवा बेशुद्ध पिल्लाला कोणत्याही उपायाने उलटी करवायची नाही, ती फुफ्फुसात जाते. मिठाच्या पाण्याने तर रक्तातलं सोडियम चढून मेंदूला सूज येते, म्हणजे एका विषावर दुसरं विष.

त्याऐवजी पुरावे गोळा करा: चघळलेलं पाकीट, गोळ्यांची पट्टी, कुंडीतली पानं, उलटीचा नमुना. पिल्लू अचानक कोसळल्यावर मी पहिल्यांदा विचारते ते झायलिटॉलबद्दल. साखरविरहित च्युइंग गम, काही टूथपेस्ट, काही पीनट बटर यांत तो गोडवा आणणारा पदार्थ असतो. माणसाला निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या अंगात तो एकदम इन्सुलिन सोडायला लावतो. किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी साखर कोसळू शकते, बऱ्याचदा तासाभरात. ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतालाही धोका असतो. दोन किलोच्या पिल्लाला काही गमची एकच गोळी त्यासाठी पुरेशी होते. इथे हिरड्यांना साखर लावत लावत दवाखाना गाठायचा आणि नाव सांगायचं.

उंदराचं औषध खाल्लं असेल तर लक्षणं लगेच दिसत नाहीत. रक्त गोठू न देणाऱ्या प्रकारात दोन ते पाच दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन पिल्लू पांढरं पडतं. म्हणून गेल्या आठवड्याभरात घरात, जिन्यात, गॅरेजमध्ये काही ठेवलं होतं का तेही आठवा.

१४. वायर चावताना ओरडलं आणि पडलं, पण आता ठीक दिसतंय.

पिल्लाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा, नाहीतर दोघांनाही शॉक बसेल. ठीक दिसलं तरी दवाखान्यात न्याच. विजेच्या धक्क्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, फुफ्फुसात पाणी भरतं. श्वासाची गती वाढणं ही त्याची पहिली खूण. तोंडातले भाजलेले चट्टेही पहिल्या दिवशी नीट दिसत नाहीत.

१५. उन्हात किंवा बंद गाडीत राहिलं आणि धापा टाकत पडलं.

सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ नको. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. थर्मामीटर असेल तर ३९.५ अंशांवर ओतणं थांबवा, नाहीतर पिल्लू उलट गार पडतं. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या पिल्लांना हे फार उन्हाशिवायही होतं. शुद्धीवर आलं तरी दाखवा, कारण मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांवरचा परिणाम नंतर दिसतो.

१६. श्वासच दिसत नाही. छाती दाबायची कशी?

आधी तोंड उघडून बघा. हाडाचा तुकडा, चेंडू असं काही दिसत असेल तर काढा. दिसत नसताना बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते. घशात अडकल्याची शंका असेल तर पिल्लाचं डोकं खाली करून खांद्यांच्या मधे तळव्याने चार-पाच थापा मारा.

तरीही श्वास नसेल तर नाडी शोधण्यात वेळ घालवू नका. पिल्लाला कुशीवर ठेवा. एका हाताने छातीला अशी पकड घाला की अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, पुढच्या पायाचं कोपर छातीला टेकतं त्या जागी. छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मं दाबा आणि पूर्ण सोडा, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. ३० वेळा दाबून झाल्यावर तोंड बंद धरा आणि नाकावर तोंड लावून दोन छोट्या फुंकरा द्या, छाती उचलली जाईल इतक्याच. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, हात थकला की दाब उथळ होतो.

पिल्लू अनोळखी असेल किंवा विषबाधेची शंका असेल तर तोंड लावू नका, फक्त छाती दाबा. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडल्यावर पिल्लू परत येणं दुर्मीळ आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. हृदय चालू असून नुसता श्वास अडकला असेल तर मात्र आशा बरीच जास्त. नवजात पिल्लाला हातात धरून झटकण्याची किंवा झोके देण्याची जुनी पद्धत वापरू नका, त्याने मेंदूला इजा होते.

१७. डॉक्टरांना काय काय सांगू? ते कोणत्या तपासण्या करतील?

वय, वजन, शेवटचं जेवण कधी, शेवटची शी कशी, लस आणि जंताचं औषध कधी दिलं, घरात कुठे पडलेलं सापडलं, आधी काय चाललं होतं, घरी काय दिलं. साखर लावली असेल तर ते नक्की सांगा, नाहीतर आकडा चांगला येतो आणि दिशा चुकते. तिथे सुरुवातीला साखर, तापमान, रक्ताचं प्रमाण आणि गरजेप्रमाणे पार्व्होची चाचणी होते. पुढचं त्यावरून ठरतं. ‘सगळं नॉर्मल’ आलं तर प्रश्न १८ आणि १९ वाचा.

१८. पळता पळता कोसळतं, मिनिटभरात उठतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.

रक्ताचे रिपोर्ट हृदयाबद्दल फार कमी सांगतात. जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी एक रक्तवाहिनी काही पिल्लांत उघडीच राहते. तिचा सततचा, यंत्रासारखा आवाज डाव्या काखेत उंचावर ऐकू येतो, आणि स्टेथोस्कोप नेहमीच्या जागीच ठेवला तर तो निसटू शकतो. वेळेत कळलं तर शस्त्रक्रियेने किंवा नळीतून बसवलेल्या झाकणाने हा दोष दूर होतो आणि कुत्रा पूर्ण आयुष्य जगतो. म्हणून हृदयाच्या सोनोग्राफीचा आग्रह धरा. दुसऱ्या टोकाला, चार-पाच महिन्यांच्या आतल्या पिल्लांत सौम्य, निरुपद्रवी आवाजही असतो आणि तो वाढीबरोबर जातो. आवाज ऐकू आला म्हणून लगेच धीर सोडू नका.

हृदय चांगलं असेल आणि पिल्लू लॅब्रेडॉर असेल, तर श्रमाने कोसळण्याचा एक आनुवंशिक आजार असतो. पाच-पंधरा मिनिटं जोरात पळाल्यावर मागचे पाय फेंगडे पडतात, शुद्ध मात्र असते. तो साधारण पाचव्या महिन्यानंतर दिसायला लागतो आणि जनुकीय चाचणीने कळतो. आणि जेवणाची वाटी बघताच आनंदाने सैल पडणारं पिल्लू असेल तर नार्कोलेप्सीचा, म्हणजे अवेळी झोप येण्याच्या आणि स्नायू एकदम ढिले पडण्याच्या आजाराचा, विचार करावा. १९९९ मध्ये डोबरमन आणि लॅब्रेडॉरमध्ये तिचं जनुक सापडलं. बघणाऱ्याला धडकी भरते, पण त्याने जीव जात नाही.

१९. जेवण झाल्यावरच सुस्त होतं, भिंतीकडे बघत उभं राहतं, एकदा पडलंही.

भावंडांपेक्षा लहान राहिलेलं, लाळ गाळणारं पिल्लू जेवणानंतर तासा-दोन तासांत असं वागत असेल तर यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी असण्याची शंका घ्यावी. आतड्यातलं अमोनियासारखं विष यकृतात साफ न होता थेट मेंदूपर्यंत जातं. उपाशी पोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी पित्ताम्लांची चाचणी करतात. पण प्रश्न ४ मधली पिल्लं उपाशी ठेवणंच धोक्याचं, आणि या आजारात साखर आधीच कमी राहते. त्यामुळे ‘रात्रभर उपाशी आणा’ असं सांगितलं गेलं तर आधीची कोसळण सांगा आणि उपास किती तासांचा हवा ते नक्की विचारा.

२०. रस्त्यावर सापडलेलं पिल्लू कोसळलं आणि उचलताना चावलं.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करा. पिल्लू लहान आहे, साखर कमी झाल्यामुळेच चावलं असेल, या भरवशावर थांबू नका. रेबीज पिल्लांनाही होतो, आणि त्याच्या एका प्रकारात आक्रमकपणा नसतोच, फक्त जबडा लोंबतो आणि पाय लुळे पडतात. मदत जरूर करा, पण हातमोजे किंवा जाड टॉवेल वापरून, आणि ओरखड्यांना लाळ लागू न देता.

२१. आमचं पिल्लू गेलं, कारण कळलंच नाही. बाकीच्या पिल्लांना धोका आहे का?

असू शकतो, आणि म्हणूनच शवविच्छेदनाचा विचार करा. त्या क्षणी हा शब्दही ऐकवत नाही, हे माहीत आहे. पण भावंडांना काय द्यायचं, हे बऱ्याचदा त्यातूनच ठरतं. शरीर स्वच्छ पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. गोठल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही समजत नाही. शक्यतो एका दिवसाच्या आत पोचवा.

बाकीच्या पिल्लांना त्याच दिवशी तपासून घ्या. रोज ठरावीक वेळी वजन करा: नवजात पिल्लू दहा ते चौदा दिवसांत दुप्पट व्हायला हवं, आणि एक दिवसही वजन घटलं तर ते कारण शोधण्याइतकं महत्त्वाचं आहे. पार्व्होचं निदान झालं तर फरशी आधी साबणाने धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ओलं राहू द्या. मातीत मात्र ब्लीच काम करत नाही आणि विषाणू तिथे अनेक महिने टिकतो. पुढचं पिल्लू त्या अंगणात आणायचं असेल तर त्याचे सगळे डोस पूर्ण झालेले असू द्या.